‘रांगडे’ अक्षर : रंगाऱ्याचा कुंचला, ठळक टंक आणि झाशीचे नाव

मराठीत अक्षराला लावली जाणारी विशेषणे बहुतांशी माणसालाही लावता येतात. अक्षर देखणे असते, किरटे असते, ठसठशीत असते, वळणदार असते. संगणकीय टंकांच्या चर्चेत या मालिकेत आणखी एका विशेषणाची भर पडली आहे. पाट्या रंगवणाऱ्या कारागिराच्या हाताचे जाड, कुंचल्याचे फटकारे मिरवणारे अक्षर जेव्हा टंकाच्या, म्हणजे आज सर्रास ‘फॉन्ट’ म्हटल्या जाणाऱ्या साधनाच्या, रूपाने समोर येते, तेव्हा त्याला ‘रांगडे’ किंवा ‘गावरान’ म्हटले जाते. हे विशेषण कौतुकाचे असते, यात शंका नाही. परंतु ते नेमके कशाचे वर्णन करते, अक्षराचे की ते पाहणाऱ्याच्या स्थानाचे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हा प्रश्न एका नावाच्या आधारे तपासावयाचा आहे. ते नाव म्हणजे झाशी. मराठी आणि हिंदी या दोन्ही साहित्यांत हे नाव अक्षरशः हजारो वेळा छापले गेले आहे, फलकांवर रंगवले गेले आहे, ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर रेखाटले गेले आहे. देवनागरी एकच असली तरी या नावाचे लेखन दोन्ही भाषांत एकसारखे नाही, आणि जी अक्षरे या नावात येतात त्यांतील काहींची रूपेही दोन्हीकडे वेगळी आहेत. रांगडे म्हणवल्या जाणाऱ्या अक्षराचे स्वरूप समजून घेतले, तर हे भेद केवळ शुद्धलेखनाचे वा सौंदर्याचे राहत नाहीत, तर ते तौलनिक साहित्याभ्यासाचे पुरावे ठरतात, असे येथे दाखवावयाचे आहे.

१. ‘रांगडा’ हा शब्द कोठून पाहतो?

‘रांगडा’ हा शब्द आज आपण खडबडीत, अनागर, पण निरोगी ताकदीचा, अशा अर्थाने वापरतो. या अर्थामागे एक भूगोल दडलेला आहे. मराठ्यांच्या उत्तरेकडील संचाराच्या काळात ‘रांगडा’ व ‘रांगडी’ हे शब्द माळव्यातील, विशेषतः राजपूत, लोकांना व त्यांच्या बोलीला लावले जात. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणात माळवीच्या एका रूपाची नोंद ‘रांगडी’ या नावानेच आढळते. म्हणजे जे विशेषण आज आपण अक्षराचा अंगभूत गुण म्हणून वापरतो, ते मुळात नर्मदेपलीकडे गेलेल्या मराठी माणसाने तेथल्या माणसाला दिलेले नाव होते. त्यात दूरत्व होते, थोडी भीती होती आणि बरीचशी आढ्यता होती.

झाशी माळव्यात मोडत नाही, ती बुंदेलखंडातील आहे. तथापि मराठी सत्तेच्या ज्या पट्ट्यात या शब्दाला अर्थ होता त्याच पट्ट्याचे ते एक महत्त्वाचे केंद्र. ओर्छ्याच्या वीरसिंह देवाने १६१३ मध्ये बांधलेल्या किल्ल्याभोवती १७४२ नंतर नारो शंकराने वस्ती वाढवली. पुढे नेवाळकरांची सत्ता आली आणि १८५४ मध्ये कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. या शतकभराच्या काळात मराठी ही तेथे कारभाराची आणि दरबारी घरांची भाषा होती आणि बुंदेली ही रस्त्याची भाषा होती. कोणाचे अक्षर नागर आणि कोणाचे रांगडे, हे अशा ठिकाणी लिहिणारा कोणत्या बाजूला बसला आहे यावर ठरणार. विशेषणाचा हा सापेक्षपणा लक्षात ठेवूनच पुढील विवेचनाकडे वळावयाचे आहे.

२. कुंचल्याचे व्याकरण

पाटी रंगवणाऱ्याचे अक्षर जाड का असते, या प्रश्नाचे उत्तर त्याच्या अभिरुचीत नसून त्याच्या कामात आहे. पाटी दुरून, चालत्या वाहनातून, उन्हात आणि धुळीत वाचता आली पाहिजे. पृष्ठभाग पत्र्याचा, लाकडाचा किंवा चुना लावलेल्या भिंतीचा असतो आणि रंग तैलरंग असतो. हत्यार म्हणजे चपट्या टोकाचा कुंचला. खडू लावलेल्या सुताने वरची व खालची रेघ आखली जाते, अक्षरांची जागा खडूने वाटून घेतली जाते आणि मग एकेक अवयव स्वतंत्र फटकाऱ्याने भरला जातो. म्हणजे हे अक्षर ‘लिहिले’ जात नाही, ते बांधले जाते. जेथे एक फटकारा संपून दुसरा सुरू होतो तेथे एक कोन, एक पायरी उरते. छापील अक्षराला सरावलेल्या डोळ्याला ही पायरी ओबडधोबड वाटते. वस्तुतः ती बांधणीची खूण आहे.

दुसरी गोष्ट कलाची. देवनागरी लिहिण्याच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे देवनागरीत वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे उतरणारी रेघ बारीक होते आणि वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे येणारी रेघ जाड होते. रोमन अक्षरात नेमके याच्या विरुद्ध घडते. चपटा कुंचला हातात धरणारा कारागीर बोरूची परंपरा शिकलेला असो वा नसो, देवनागरी पाटीवर तो हाच कल राखतो. ज्याला आपण अशिक्षित हात समजतो त्या हातात पोथ्यांच्या लेखनाचे व्याकरण अशा रीतीने टिकून राहिलेले असते.

तिसरी गोष्ट पोकळ्यांची. देवनागरी अक्षर जाड करणे रोमन अक्षर जाड करण्यापेक्षा कठीण आहे. वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, वेलांट्या व अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये गाठी व कमानी. रेघेची जाडी दुप्पट केली की गाठी बुजतात. या दृष्टीने ‘झ’ हे अक्षर कसोटीचे आहे, कारण त्यात उभ्या दंडाच्या डावीकडे अनेक वळणे एकाखाली एक रचलेली असतात. रंगारी येथे दोन उपाय करतो. तो अक्षर आडवे पसरवतो आणि आतल्या सांध्यांपाशी रेघ बारीक करतो. बाहेरून जाड, आतून सडपातळ अशी ही रचना असते. ती कोणत्याही अक्षरशाळेत शिकवलेली नसली तरी तिच्यामागे विचार आहे.

यावरून असे म्हणता येईल, की ज्याला रांगडेपणा म्हटले जाते तो हत्यार, पृष्ठभाग, अंतर आणि वेळ या चार गोष्टींना दिलेल्या नेमक्या उत्तरांचा परिणाम आहे. छापखान्याच्या बाजूने पाहिले असता तो रांगडेपणा वाटतो. पाटीच्या बाजूने पाहिले तर उलट छापील अक्षरच किरटे ठरेल.

३. कुंचल्याकडून टंकाकडे

मराठी मुद्रणाचा इतिहास हा हाताच्या अक्षराला शिस्त लावण्याचा इतिहास आहे. गणपत कृष्णाजींच्या छापखान्यात १८३१ पासून शिळाप्रेसवर हाताचेच अक्षर छापले जात होते. पुढे अमेरिकन मिशन प्रेसमध्ये थॉमस ग्रॅहम आणि निर्णयसागरात जावजी दादाजी व राणोजी रावजी आरू यांनी खिळ्यांना जे वळण दिले, त्यातून मुंबई वळणाची सुबक देवनागरी सिद्ध झाली. या सुबकतेला मराठी वाचकाचा डोळा इतका सरावला, की हाताचे जाड अक्षर हे शीर्षकांपुरते, नाटकांच्या जाहिरातींपुरते व पाट्यांपुरते उरले. शीर्षकांच्या या प्रांतात कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी केलेले काम सर्वांना ठाऊक आहे. नाटकागणिक ते शीर्षक नव्याने रेखाटत आणि अक्षराच्या ठेवणीतून नाटकाची जात सुचवत. त्यांचे अक्षर टंक नव्हते, कारण ते पुन्हा त्याच रूपात वापरण्यासाठी घडवलेलेच नव्हते.

एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ही सीमा पुसली जाऊ लागली. कॅथरिन ली श्मिट यांचा ‘यात्रा वन’ हा मुक्त परवान्याचा टंक याचे उत्तम उदाहरण होय. भारतीय रेल्वेवरील हाताने रंगवलेल्या फलकांच्या अक्षरांवरून त्याची प्रेरणा घेतलेली आहे. कुंचल्याच्या टप्प्याटप्प्याच्या बांधणीतून उरणारे कोन त्यात जाणीवपूर्वक राखले आहेत. विशेष म्हणजे त्यातील रोमन अक्षरेही त्याच बांधणीने, देवनागरीच्या कलाने काढली आहेत. भारतीय लिप्यांना रोमनच्या साच्यात बसवण्याची दीर्घ परंपरा पाहता, येथे रोमनला देवनागरीचा कल स्वीकारावा लागला आहे ही लहानशी गोष्ट नव्हे.

सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांचा ‘मोदक’ हा एक टाइप या संस्थेचा टंक वेगळ्या वाटेने जातो. त्याचाही आरंभ हाताने रेखाटलेल्या अक्षरांत आहे. त्यातील जाडी इतकी टोकाला नेलेली आहे, की अक्षरांतील पोकळ्या केवळ बारीक फटींएवढ्या उरतात. रंगारी ज्या अडचणीतून मार्ग काढतो तीच अडचण येथे आकृतीचा विषय झाली आहे. हनीफ कुरेशी यांनी आपल्या उपक्रमातून पाट्या रंगवणाऱ्या कारागिरांच्या अक्षरमाला गोळा करून त्यांचे टंक केले आणि टंकाला त्या त्या पेंटरचेच नाव दिले. कुरेशी यांचे २०२४ मध्ये निधन झाले, परंतु अनामिक समजल्या गेलेल्या हाताला कर्तृत्व देण्याची ही कृती साहित्याच्या अभ्यासकाला विशेष अर्थपूर्ण वाटावी. लोकगीतांच्या संकलनात गाणाऱ्याचे नाव नोंदवायचे की नाही, या जुन्या वादाशी तिचे नाते आहे.

या प्रयत्नांचे मोल मान्य करूनही एक भेद स्पष्ट केला पाहिजे. टंक हाताचे दृश्य रूप राखतो, पण हाताचा निर्णय राखत नाही. रंगाऱ्याने एकाच पाटीवर दोनदा काढलेला ‘श’ दोन्ही वेळा सारखा नसतो, कारण शेजारची अक्षरे व उरलेली जागा पाहून तो त्याचे रूप ठरवतो. टंकात एकाच अक्षराची दोन-तीन रूपे ठेवून ती आलटून पालटून आणता येतात, परंतु ही अदलाबदल नियमाने होते, प्रसंग पाहून होत नाही. यात टंककारांचा दोष नाही. टंक या साधनाचे ते लक्षणच आहे. अभ्यासकाने मात्र टंकात दिसणाऱ्या पायऱ्यांना हाताचा पुरावा मानण्याची गल्लत करू नये.

४. एका नावातील चार निर्णय

आता झाशीच्या नावाकडे येऊ. हे नाव लिहिणाऱ्याला, मग तो रंगारी असो, खिळे जुळवणारा असो वा संपादक असो, चार ठिकाणी निर्णय घ्यावा लागला आहे.

पहिला निर्णय अनुस्वाराचा. दत्तात्रय बळवंत पारसनिसांच्या १८९४ च्या मराठी चरित्राच्या नावात ‘झांशी’ असे रूप आहे. अनुच्चारित अनुस्वार गाळण्याचा नियम १९६२ मध्ये मराठीने स्वीकारला, आणि ‘झाशी’ हे रूप स्थिरावले. हिंदीत नासिक्य उच्चार टिकून असल्याने ‘झाँसी’ असे चंद्रबिंदूसह लिहिणे हे प्रमाण आहे. जाड अक्षरात मात्र शिरोरेषेवर चंद्रकोर आणि बिंदू दोन्ही मावणे कठीण होते आणि तिथे अनेकदा नुसता बिंदू येतो. म्हणजे ठळकपणा हा शुद्धलेखनावरही परिणाम करतो.

दुसरा निर्णय ‘श’ की ‘स’ हा. तो उच्चाराचा आहे आणि दोन भाषांतला आहे. त्याची येथे नोंद पुरे.

तिसरा निर्णय ‘झ’च्या रूपाचा. देवनागरी मुद्रणात मुंबई वळण आणि कलकत्ता वळण असे दोन प्रवाह होते, आणि अ, झ, ण, ल, श ही अक्षरे दोन्हींत वेगवेगळी काढली जात. कलकत्ता वळणाचा ‘झ’ हा ‘भ’ला खाली शेपूट जोडल्यासारखा दिसे. लखनौच्या १९५३ च्या लिपिसुधार परिषदेपासून सुरू झालेल्या प्रक्रियेतून केंद्र सरकारने १९६६ मध्ये मानक देवनागरी वर्णमाला प्रसिद्ध केली. तीत अ, झ आणि ण ही तीन अक्षरे मुंबई वळणाची आली, तर ल आणि श यांची हिंदीत रूढ असलेली रूपे घेतली गेली. याचा अर्थ असा, की आज कोणत्याही हिंदी फलकावर ‘झाँसी’ लिहिले जाते तेव्हा त्याचे पहिले अक्षर मुंबईच्या छापखान्यांनी रूढ केलेल्या रूपात असते. मराठी सत्ता गेली, फलकावर मराठी भाषा नाही, तरी एका अक्षराचे वळण तेथे पोहोचले आहे. मात्र ते पेशव्यांच्या सुभेदाराबरोबर आले नाही, ते एका शासकीय समितीच्या निर्णयातून आले, हे ध्यानात ठेवले पाहिजे. अक्षराच्या वळणावरून थेट सांस्कृतिक वारशाचा दावा करणाऱ्यांना हा इशारा आहे.

चौथा निर्णय ‘ल’चा. झाशीच्या रेल्वेस्थानकाला २०२१ च्या अखेरीस वीरांगना लक्ष्मीबाई यांचे नाव देण्यात आले. ‘लक्ष्मीबाई’ हे नाव मराठीत व हिंदीत एकसारखेच लिहिले जाते, तरीही त्याचे पहिले अक्षर दोन रूपांत संभवते. मराठीत ते दोन पाकळ्यांचे, शिरोरेषेला मध्ये लहानशा देठाने लटकलेले, तर मानक हिंदीत उजवीकडे पूर्ण दंड असलेले. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ यांचा आग्रह धरला तो याच कारणाने. तेव्हा एकाच स्त्रीच्या नावाचे एकच लेखन दोन भाषांच्या हातांत दोन आकृती धारण करते.

झाशीच्या संदर्भात रेल्वेचा उल्लेख आणखी एका कारणाने आवश्यक आहे. १९०० मध्ये इंडियन मिडलँड रेल्वे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेत विलीन झाली, आणि तेव्हापासून २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वे अस्तित्वात येईपर्यंत झाशीचा रेल्वेकारभार मुंबईत मुख्यालय असलेल्या संस्थांकडे होता. मुंबईत तारायंत्राचे काम शिकलेले, मराठी जाणणारे महावीरप्रसाद द्विवेदी झाशीच्या रेल्वे कार्यालयातील नोकरी सोडून ‘सरस्वती’च्या कामाकडे वळले आणि १९०३ पासून त्यांनी हिंदी गद्याला प्रमाणरूप दिले. प्रमाणीकरणाचे यंत्र आणि प्रमाणीकरणाचा संपादक हे दोन्ही एकाच शहरात भेटतात, हा योगायोग असला तरी बोधक आहे. वेळापत्रक, तार, स्थानकाचा फलक आणि प्रमाणभाषा या साऱ्यांना एकच गोष्ट हवी असते : नाव सर्वत्र एकसारखे असावे.

५. संपादनाशी असलेले साम्य

हाताचे अक्षर टंकात आणणे आणि हस्तलिखिताचे ग्रंथात रूपांतर करणे या क्रियांत जे साम्य आहे, ते झाशीशीच निगडित असलेल्या एका ग्रंथावरून स्पष्ट होते. विष्णुभट गोडसे यांनी १८५८ मधील झाशीचा वेढा आणि तेथील ग्रंथालयाचा विध्वंस यांची जी हकिकत पुढे लिहून ठेवली, ती ‘माझा प्रवास’ या नावाने १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केली. प्रसिद्ध करताना त्यांनी भाषेत व मजकुरात फेरबदल केले. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये उपलब्ध करून दिला. या दोन पाठांमध्ये सुमारे सहा दशकांचे अंतर आहे, आणि अमृतलाल नागर यांच्या ‘आँखों देखा ग़दर’ या हिंदी अनुवादाचा विचार करताना अनुवादकापुढे कोणता पाठ होता हे विचारल्याशिवाय तुलना सुरूच होऊ शकत नाही.

वैद्यांच्या आवृत्तीने गोडसे भटजींना वाचक मिळवून दिला, हे खरे. तीच गोष्ट टंकांची. ‘यात्रा वन’मुळे रेल्वेफलकाचे वळण संगणकावर सर्वांना उपलब्ध झाले. परंतु सुलभ झालेला पाठ आणि मूळ पाठ एकच नव्हेत, हे सांगण्याची जबाबदारी पाठचिकित्सक घेतो, तशी अक्षराच्या बाबतीत अद्याप कोणी घेतलेली नाही.

६. तौलनिक अभ्यासापुढील प्रश्न

जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना इत्यादी पाठाभोवतीच्या घटकांना अभ्यासाचा विषय बनवले. भारतीय संदर्भात या विचाराला एक जोड देणे गरजेचे आहे. दोन भाषा एकच लिपी वापरतात तेव्हा अक्षराचे रूप हाही पाठाभोवतीचा एक घटक असतो, आणि कधी कधी तो भाषेची ओळख पटवणारी पहिली खूण असतो. वृंदावनलाल वर्मा यांची ‘झाँसी की रानी’ (१९४६) ही हिंदी कादंबरी आणि राणीवरील मराठी चरित्रे शेजारी ठेवली असता वाचकाला शब्द वाचण्याआधी वळण दिसते.

संगणकीय संग्रहात नेमकी हीच खूण हरवते. युनिकोडमध्ये ‘ल’ला एकच संकेतांक आहे, ‘श’ला एकच, ‘झ’ला एकच. तात्त्विकदृष्ट्या हे योग्यच आहे, कारण ते एकच वर्ण आहेत. परंतु परिणाम असा होतो, की पाकळीयुक्त ‘ल’ने छापलेले १८९४ चे शीर्षक संगणकात उतरवले की ते कोणत्या रूपात दिसेल हे मूळ ग्रंथ नव्हे, तर वाचकाच्या यंत्रावरील टंक ठरवतो. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्यासारख्या मराठी कवी-सुलेखनकाराने मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेल्या ‘मंगल’ या टंकातही ल आणि श यांची हिंदी रूपेच मुख्य होती. त्यामुळे कित्येक वर्षे मराठी मजकूर पडद्यावर हिंदी वळणात वाचला गेला. आता टंकात दोन्ही रूपे ठेवून मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली असता मराठी रूप आणणे शक्य झाले आहे. अट एवढीच, की टंककाराने ती रूपे काढलेली असावीत, आणि मजकूर भरणाऱ्याने भाषेची नोंद केलेली असावी. दुसरी अट बहुधा पाळली जात नाही.

यातून अभ्यासकांपुरती तीन पथ्ये निघतात. ग्रंथाचे शीर्षक उद्धृत करताना त्यातील अनुस्वार व चंद्रबिंदू जसेच्या तसे ठेवावेत, आजच्या नियमाने दुरुस्त करू नयेत. मुखपृष्ठावरील हाताच्या अक्षराची प्रतिमा जपावी, केवळ नक्कल केलेला मजकूर पुरेसा मानू नये. आणि संगणकात मराठी मजकूर भरताना त्याची भाषा मराठी म्हणून नोंदवावी, हिंदी म्हणून किंवा कोणतीच नोंद न करता सोडू नये. ही पथ्ये किरकोळ वाटतील. पण पाट्या रंगवणारे हात झपाट्याने कमी होत असताना आणि फलक संगणकीय छपाईने विनाइलवर उमटत असताना, पुढच्या पिढीच्या अभ्यासकाला हाताचे अक्षर बहुधा टंकाच्या रूपानेच भेटणार आहे. ते टंकातून भेटलेले अक्षर त्याला ‘रांगडे’ वाटेल. त्या विशेषणामागे एक हत्यार होते, एक अंतर होते, आणि कोणता ‘ल’ काढायचा याचा एक निर्णय होता, हे त्याला कळण्याइतका पुरावा आपण राखून ठेवला पाहिजे.